तिळाएवढा फरक

काका,

(वय पंचाहत्तर लिहिलंत म्हणून काका म्हणते, राग मानू नका.)

'सध्या काय वाचतेय, काय बघतेय' या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचायला घेतली तेव्हा गॅसवर कुकर होता. तीन शिट्ट्यांच्या जागी पाच झाल्या. वरणाचं जे झालं ते झालं, पण उत्तर देणं भाग आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. बाई स्वतःला विज्ञानकथालेखिका म्हणवते आणि यादीत विज्ञान औषधालाही नाही. आई तान्ह्या मुलाची सावली खिळ्याने ठोकते, ही शुद्ध भुताटकी. फोटोंच्या स्लाइड-शोला सिनेमा म्हणणं ही चेष्टा. सगळा माल परदेशी, मराठी नाव एकही नाही. आणि शेवटी, 'नारळीकर सर गेले, आता या प्रांताला वाली नाही.'

स्लाइड-शोपासून सुरुवात करते, कारण तिथे मी चुकलेय. ख्रिस मार्करचा 'ला जेते' हा १९६२ चा, जेमतेम २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट. त्यात एकही दृश्य हलत नाही असं मी लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, 'एक हलतं, नीट बघा.' खरंय. अंथरुणातली ती बाई डोळे उघडते आणि तिच्या पापण्या क्षणभर हलतात. लेखात दुरुस्ती केली आहे. पण काका, चेष्टा म्हणून बघणाऱ्याच्या नजरेतून नेमक्या त्या पापण्या निसटतात. तुमच्या निसटल्या नाहीत. बाकी मी काही बोलत नाही.

आता खिळा. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' ही २०२३ ची कादंबरी. तिला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला, पण ते सोडा, पुरस्कार काय, मिळत असतात. मूल जन्मतं त्या क्षणी आई पितळेच्या मोठ्या खिळ्याने त्याची सावली जमिनीला ठोकते आणि उपटून काढते. पुढे ती त्याला वाढवते ते बापाला मारण्यासाठी. बाप म्हणजे घर सोडून गेलेला, जगाने संत मानलेला धर्मपुरुष. बुद्धाने मागे सोडलेले राहुल आणि यशोधरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला इथे जे टोचेल ते अमेरिकन वाचकाला टोचेल का, मला शंका आहे. एवढं सगळं करून हा मुलगा मोठा झाल्यावर शहरात येतो आणि आपल्यासारख्याच, भाकितं फसलेल्या माणसांच्या बैठकांना जायला लागतो. मी मोठ्याने हसले होते.

सावली उपटता येत नाही, कबूल. पण एवढी एक अशक्य गोष्ट लेखक पहिल्याच पानावर उघडपणे मागून घेतो आणि मग तिचा हिशेब पुरा करतो. सावली नाही म्हणून पोराचे पाय जमिनीवर टिकत नाहीत, चारचौघांत ते मुद्दाम टेकवून ठेवावे लागतात. अडचण आली की नवा चमत्कार काढायचा, असली उधारी नाही. मी गोष्ट तपासते ती या कसोटीवर. यान आहे का, यंत्रमानव आहे का, हे नंतर.

आणि ही कसोटी मी शिकले तुमच्या-माझ्या नारळीकर सरांकडून. 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा. माझं पुस्तक कुणीतरी नेलं ते आलंच नाही (नेणाऱ्याने हे वाचलं तर लाज वाटू दे), म्हणून परवा भाचीच्या अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातली संक्षिप्त कथा पुन्हा वाचली. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी जाते. तिळाएवढा फरक पडला असता तर प्राण गेला असता. तो पडत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. मग आपल्या जगातले गंगाधरपंत त्या दुसऱ्या मुंबईत उतरतात, तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे. ते फोर्ब्सच्या इमारतीत जाऊन आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची चौकशी करतात. स्वागतिका यादी चाळते आणि सांगते, या नावाचं इथे कुणी नाही.

मला कथा आठवते ती या स्वागतिकेमुळे. शेवटी क्वांटमचं आणि कॅटस्ट्रॉफी थिअरीचं स्पष्टीकरण येतं, ते भाचीला समजावताना मीच दोनदा अडखळले. पण इतिहास बदलला की आपला पोरगा यादीतून गायब होतो, हे तिला न समजावता कळलं.

सरांचीच आणखी एक गोष्ट. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून बक्षीस नको होतं. पहिलं बक्षीस मिळालंच. तोच न्याय या श्रीलंकेच्या पुस्तकाला लावून बघा ना. कपाटावरची 'विज्ञान' किंवा 'भुताटकी' ही पाटी जरा झाकून ठेवा.

तरी निव्वळ विज्ञानच हवं असेल तर टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (१९९८) वाचा. तुम्ही तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत, ही तुमच्यासाठीच लिहिलीय. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, कारण तो कमीत कमी वेळाचा मार्ग धरतो. मग कुठे पोचायचंय हे त्याला आधीच ठाऊक असतं की काय? एवढ्या एका प्रश्नातून परग्रहवासीयांची आख्खी भाषा उभी राहते, आणि त्या भाषेतून एका आईचं दुःख. तिच्यावरचा 'अरायव्हल' (२०१६) देखणा आहे, पण कमीत कमी वेळाच्या मार्गाचं हे फर्माचं तत्त्व त्यात जवळजवळ गळालंय. म्हणून आधी कथा.

राहिला मराठीचा मुद्दा. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझ्याकडे सबब नाही. मराठीतलं मी वाचते, पण ते 'वाचलेलंच असतं सगळ्यांनी' असं धरून यादीत टाकत नाही. भाचीने नारळीकर पहिल्यांदा वाचले ते इंग्रजीच्या तासाला, यावरून सगळ्यांनी काय वाचलंय ते कळलंच.

तुमच्या माळ्यावर 'नवल'चे जुने दिवाळी अंक आहेत असं ओझरतं लिहून गेलात. किती सालापासूनचे? वाळवी लागलीय का? कुरिअर नको, पानं सुटतील. पुण्याच्या आसपास असाल तर एखाद्या रविवारी मीच येते. अंक नेणार नाही, तिथेच बसून वाचेन.