एकच मनोरा पुरे

जूनमध्ये लेकीकडे जर्सी सिटीला राहून आले. फोंड्याला परतल्यापासून भेटेल त्याचा पहिला प्रश्न, "एम्पायर स्टेटवर चढलात की नाही?" नाही चढले. मुद्दामच नाही.

१९३१ सालची ती १०२ मजली इमारत म्हणजे न्यूयॉर्कची ओळख. पण तिच्याच डोक्यावर उभं राहिलं तर ती दिसणार कशी? मंगेशीच्या दीपमाळेवर चढून दीपमाळ शोधण्यातला प्रकार. त्यापेक्षा रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावरची 'टॉप ऑफ द रॉक' ही गच्ची घ्या. दक्षिणेला समोर एम्पायर स्टेट, उत्तरेला सेंट्रल पार्कचा हिरवा चौकोन. सत्तराव्या मजल्यावर तर काचही आड येत नाही.

जावयाने एज, समिट, वन वर्ल्ड अशा आणखी तीन मनोऱ्यांची यादीच केली होती. माणशी चाळीसेक डॉलर, सूर्यास्ताच्या वेळेला त्याहून जास्त. तीन माणसं, चार मनोरे, करा हिशेब! आणि तिसऱ्या मनोऱ्यावर माणूस शहर बघत नाही, बसायला जागा शोधतो. (समिटला जाणारच असाल तर साडी नको, जमिनीलाही आरसे आहेत.)

आता माझा शहाणपणा ऐका. तिकिटावर वेळ ठरलेली असते. लेक म्हणाली, "आई, मी करते बुकिंग." मी म्हटलं, सूर्यास्त मला कळतो, मिरामारच्या किनाऱ्यावर जन्म गेलाय. आणि ऐटीत 'टॉप ऑफ द रॉक'चं साडेसहाचं तिकीट काढलं. वर पोचलो तर ऊन डोळ्यांत घुसतंय, कठड्याला हात लावला तर चटका! तिथे जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो. डिसेंबरात साडेचारलाच. जायच्या तारखेची वेळ आधी बघा, एवढंसं काम.

पण वर गेल्यावर कुणी हाकलत नाही, हे आमचं नशीब. दोन तास थांबलो. सूर्य हडसनपलीकडे न्यू जर्सीवर टेकला, खिडक्या एकेक करत पेटल्या आणि मग एम्पायर स्टेटचा माथा उजळला. जावई गप्प होता. म्हणजे त्यालाही आवडलं. म्हणून सांगते, सूर्यास्ताचं महाग तिकीट कशाला, दीड-दोन तास आधीचं घ्या आणि वरच थांबा. गर्दीचा हंगाम नसेल तर हवामान बघून दोन दिवस आधी काढा. ढगात शिरलेल्या मनोऱ्यावरून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटात जायचं असेल तर मात्र काही महिने आधी बुकिंग हवं. आम्ही तो नाद सोडला आणि स्टेटन आयलंडची फेरी पकडली. पंचवीस मिनिटं, तिकीट शून्य, आमच्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्यासारखं! जाताना उजव्या बाजूला उभं राहा, पुतळा तिकडून दिसतो. पलीकडे सगळ्यांना खाली उतरवतात. घाबरू नका, वळसा घालून परतीच्या बोटीत चढा आणि या खेपेला डावीकडची कड पकडा.