पांढऱ्या पेशी खातात खऱ्या, पण काय?

काल रात्री पावणेअकराला सिडकोतल्या मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "दादाचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का रे?" दादा अंबडला कंपनीत आहे, खालच्या जबड्यात उजवीकडे दाढेमागे गाठ, बायोप्सीत अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्याच्या हाडात वाढणारी गाठ, आलाय, सोमवारची तारीख मिळालीय. आणि आता हे!

मेसेज असा: जबड्याची गाठ कॅन्सरची नसेल तर हात लावू नका. रिपोर्टमध्ये 'इन्फ्लमेटरी सेल्स' (सुजेच्या जागी जमणाऱ्या पेशी) लिहिलं असेल तर पांढऱ्या पेशींची फौज गाठ खातेय, ती आपोआप जिरेल. बायोप्सीने गाठ चिघळून कॅन्सर होतो. गुळवेलचा काढा घ्या, इम्युनिटी वाढवा.

सगळ्यात डोकं फिरवलं ते फौजेने, कारण दादाच्या रिपोर्टात खरंच 'क्रॉनिक इन्फ्लमेटरी सेल्स' लिहिलंय आणि मावशीने त्याच ओळीवर पेनाने गोल केलाय. बरं, एवढं मान्य, की अशा गाठीत लिम्फोसाइट, मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी सापडतात. पण सापडल्या म्हणजे लढतायत असं कुणी सांगितलं? तोंडात किडका दात, हिरड्यांची सूज काहीही असलं तरी त्या तिथे जमतात. त्यातल्याच काही टी-पेशींचं तर कामच हल्ला आवरायचं असतं. आणि खाण्याचंच म्हणाल तर खाणं चालूय, फक्त गाठ नाही, हाड खाल्लं जातंय. गाठीच्या पेशी आरएएनकेएल नावाचा निरोप सोडतात, त्यावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशी, तयार होतात आणि जबडा पोखरतात, आणि हे ऑस्टिओक्लास्ट मॅक्रोफेजच्याच खानदानातले, म्हणजे मावशी, तुझ्या फौजेतलेच सख्खे भाऊ गाठीला जागा करून देतायत. दादाचा ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, मी ट्यूबलाइटसमोर धरून बघितलाय, साबणाच्या फेसासारखे काळे गोल गोल आणि जबड्याची खालची कड अंड्याच्या टरफलाएवढी उरलीय. दुखत नाही म्हणून फौज जिंकतेय असं वाटतं, पण ही गाठ बहुतेकदा दुखतच नाही.

"कॅन्सर नाही" हे अर्धं खरं. डब्ल्यूएचओच्या 2017 च्या वर्गीकरणात अमेलोब्लास्टोमा सौम्य गाठींतच आहे. पण सौम्य म्हणजे सहसा दूर पसरत नाही एवढंच, जागच्या जागी ती हाड सोडत नाही. नुसती खरवडून काढली तर परत येण्याचं प्रमाण मोठं, म्हणून तर सर्जन कडेचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चांगलं हाडही घेतात. 2014 मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलं की बऱ्याच अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो. वाढीचं बटण चालूवरच अडकलंय असं समज, ते काढ्याने बंद होणारे का?

बायोप्सीने कॅन्सर होतो, हे तर सोडूनच द्या. बायोप्सी नसती तर ही गाठ आहे की साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, हेच कळलं नसतं.

गुळवेलबद्दल एकच, 2020 मध्ये मुंबईत ती घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी छापलंय. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, हेही खरं. पण ऑपरेशन चार दिवसांवर असताना हा प्रयोग कशाला, घेतलाच असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.

तर मावशी, तारीख तीच. सोमवारी सकाळी साडेसहाला मी गाडी घेऊन येतो, दादाला रात्री बारानंतर चहासुद्धा देऊ नकोस, आणि ओपीजीची फिल्म त्या कपाटावरून काढून पिशवीत ठेव.