हजेरी घेणारं कुणी नसेल तेव्हा

शाळेचं शेवटचं वर्ष संपवताना काही मुलांनी स्वयंशिस्तीबद्दल आणि शाळेच्या निरोपाबद्दल लिहिलंय, ते मनाला भिडलं. त्यातही फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दार लावून अभ्यासाला बसणारा मुलगा मला फार आवडला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. खाऊ लगेच न खाता थोडं थांबलं, तर मुलांना जास्त खाऊ मिळायचा. खाऊ झाकून ठेवला की लहान मुलं जास्त वेळ थांबू शकायची. मोहाशी झुंजत बसण्यापेक्षा तो नजरेआड केलेला बरा, हे या पोराला आपसूक उमगलंय!

मात्र ज्यांना हे जमलं नाही त्यांनी स्वतःला आळशी ठरवू नये. २०१८ मध्ये मोठ्या गटावर मिशेल यांच्या या प्रयोगाची पुन्हा पडताळणी झाली. तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर, लहानपणच्या संयमाचा पुढे परीक्षेत मिळणाऱ्या गुणांशी असलेला संबंध बराच फिका पडला.

आणि निरोपाचं म्हणाल तर, सकाळी उठवणारे आईवडील, वही तपासणारे शिक्षक, शेजारी बसून गणितं सोडवणारी मैत्रीण, हे सगळं आता एकदम सुटणार. म्हणून मुलांनो, नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात सोबत अभ्यासाला बसणारं कुणीतरी शोधा. जुन्या मैत्रिणीलाही फोन करत राहा.