दमसासाबद्दलही लिहायला हवं होतं

रशियन ऑपेरा गायक, बॅरिटोन दिमित्री ह्वोरोस्तोव्स्कीवरचा लेख मनापासून आवडला. सैबेरियातलं क्रास्नोयार्स्क, १९८९ ची कार्डिफची गायन स्पर्धा, ब्रिन टर्फेलसारख्या गायकाला मागे टाकून मिळालेलं पहिलं बक्षीस, ते पांढरे केस, सगळं आलंय. पण त्याच्या दमसासाबद्दल एक ओळही नाही, याची चुटपुट लागली.

बॅरिटोन म्हणजे टेनर (पुरुषांचा उंच आवाज) आणि बास (खालचा, खर्जातला आवाज) यांच्या मधला आवाज. ऑपेरात बहुतेक वेळा नायिका टेनरच्या वाट्याला जाते आणि बॅरिटोनला मिळतो बाप, शत्रू नाहीतर झिडकारलेला प्रियकर. दिमित्री अशा माणसांनाही लांबलचक, न तुटणारी ओळ द्यायचा. हेडफोन लावून ऐका, ओळीआधी त्याने नाकातून ओढलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. काहींना तो खटकायचा. मला तो गाण्याचाच भाग वाटतो.

२०१५ मध्ये मेंदूत गाठ निघाली. उपचार चालू असतानाच सप्टेंबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संगीतकार व्हर्दीच्या 'इल त्रोवातोरे'मध्ये उभा राहिला. शेवटी वादकांनी खालून त्याच्यावर पांढरे गुलाब उधळले. पुढे तोल सांभाळेना म्हणून ऑपेरातली कामं सोडावी लागली, तरी मे २०१७ मध्ये तो तिथे अचानक आला आणि 'रिगोलेत्तो'मधलं, पळवलेल्या मुलीसाठी दरबाऱ्यांपुढे पदर पसरणाऱ्या बापाचं गाणं गायला. नोव्हेंबरमध्ये तो गेला, अवघ्या ५५ व्या वर्षी. त्या गाण्याचं चित्रीकरण जरूर बघा.