‘सिरीयल’ने अदनान सय्यदला निर्दोष ठरवलं, हे खरं नाही

‘सिरीयल या पॉडकास्टने एका निरपराध माणसाला शोधून तुरुंगातून सोडवलं,’ असं ट्रू क्राइमचे चाहते सर्रास लिहितात, पुढे पाठवतात. या वाक्याचा एकेक तुकडा घेऊन पाहू.

‘निरपराध माणूस शोधला’: अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरमध्ये जानेवारी १९९९ मध्ये १८ वर्षांच्या हे मिन लीचा खून झाला आणि २००० मध्ये तिचा माजी प्रियकर अदनान सय्यदला जन्मठेप झाली. २०१४ मध्ये ‘सिरीयल’ची निवेदक सारा केनिगने बारा भागांत हा खटला उलगडला, पण शेवटी तो निर्दोष आहे असं तिने म्हटलंच नाही. शिक्षेला पुरेल इतका पुरावा नव्हता, एवढंच तिचं मत होतं. ऐकणाऱ्यांनी त्याचा परस्पर निकाल करून टाकला.

‘नवे पुरावे पॉडकास्टने दिले’: काही अंशी खरं. मालिका गाजल्यावर एक जुनी साक्षीदार पुन्हा पुढे आली. आलेल्या कॉलच्या टॉवर-नोंदींवरून फोन कुठे होता हे खात्रीने सांगता येत नाही, हा मोबाइल कंपनीचा इशारा मात्र दुसऱ्याच पॉडकास्टमधल्या वकील महिलेने कागदपत्रांत हेरला. त्याच आधारे २०१६ मध्ये नव्या खटल्याचा आदेश मिळाला. २०१९ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही ४ विरुद्ध ३ मतांनी फिरवला.

‘२०२२ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं’: सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी वकिलांच्याच अर्जावरून दोषसिद्धी रद्द झाली, तो बाहेर आला, पुढच्या महिन्यात आरोपही मागे घेतले गेले. पण सोमवारच्या त्या सुनावणीची सूचना हे मिन लीच्या भावाला आदल्या शुक्रवारी मिळाली होती. आपल्यासाठी हा पॉडकास्ट नाही, खरं आयुष्य आहे, असं तो कोर्टात म्हणाला. चाहत्यांनी हे ऐकायलाच हवं होतं. वरच्या न्यायालयांनी भावाचा हक्क डावलला गेल्याचं मान्य करून दोषसिद्धी पुन्हा लागू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारी वकिलांनी तो जुना अर्जच मागे घेतला, त्यात खोटी आणि दिशाभूल करणारी विधानं आहेत असं सांगून.

‘मग तो आज बाहेर कसा?’: गुन्ह्याच्या वेळी तो १७ वर्षांचा होता. अल्पवयात केलेल्या गुन्ह्यासाठी किमान वीस वर्षं तुरुंगात काढलेल्यांना शिक्षा कमी करून मागता येते, असा कायदा मेरीलँडमध्ये २०२१ पासून आहे. त्याखाली मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी भोगलेली शिक्षा पुरेशी मानली आणि वर पाच वर्षांची देखरेख लावली. दोषसिद्धी कायम आहे.