तान्ह्याला पाणी पाजायचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

मे महिना लागला की आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. मुंबईच्या उकाड्यात तान्ह्या बाळाला तासातासाला उकळून गार केलेलं पाणी पाजा, कावीळ उतरते, जास्त झालं तर शू वाटे निघून जातं आणि झटका (फिट, आकडी) आलाच तर जिभेवर चिमूटभर मीठ ठेवा. यातलं एकही खरं नाहीये.

उकाड्याचं म्हणाल तर आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं, पहिले ६ महिने तेवढं पुरतं, उन्हाळ्यातसुद्धा, फारच गरम होत असेल तर जास्त वेळा अंगावर पाजा. कावीळ पाण्याने धुतली जात नाही, ती मुख्यतः शी वाटे जाते आणि शी होते ती दूध पोटात गेल्यावर.

"शू वाटे निघून जातं" ही सगळ्यात घातक ओळ. तान्ह्याची किडनी अजून कच्ची असते, जादा पाणी पटकन बाहेर टाकता येत नाही, मग रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, खाली येतं आणि मेंदूला सूज चढते. माझ्या भाचीचं बाळ ३ महिन्यांचं होतं, दोन दिवस बाटलीने पाणी चाललेलं, वर डबा पुरवायचा म्हणून दुधाची पावडरही पातळ कालवलेली. पापण्या सुजलेल्या, तळपाय गार आणि आम्ही आपले म्हणतोय, बघा किती शांत झोपलंय. संध्याकाळी त्याने डोळे फिरवले, एक हात झटकायला लागला. सोडियम ११८ निघालं, असायला हवं १३५ ते १४५.

आणि मीठ? झटक्यात तोंडात काहीच घालायचं नाही हो, श्वासनलिकेत जाईल! कुशीवर वळवा, घड्याळ बघा, १०८ ला फोन लावा. हॉस्पिटलमध्ये ३ टक्क्यांचं सलाईन वजनावर मोजून शिरेतून देतात, झटका थांबला की मग सोडियम सावकाश वर आणतात, २४ तासांत साधारण ८ ते १० अंकांच्या वर नाही, कारण एकदम चढलं तरी मेंदूला इजा होते. आमच्या बाळाचं रक्त रात्रभर पुन्हापुन्हा तपासत होते.

जुलाब लागले तर नुसतं पाणी नको, ओआरएस, १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच, आणि तान्ह्याला किती ते डॉक्टरांना विचारून. पावडरचा डबा महाग पडतो, मला माहितीये, पण डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, एक चमचासुद्धा जास्त नाही.