हैतीचा हप्ता आणि ‘कोणी काही देणे लागत नाही’ हा दावा

‘श्रीमंत देश गरीब देशांवर वारेमाप पैसा उधळतात, तो सगळा तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या घशात जातो, आणि मुळात ते देश आपल्याच कर्माने गरीब असल्यामुळे त्यांचे कोणी काही देणे लागत नाही’ असा दावा, विशेषतः २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था गुंडाळल्यापासून, जोरात पसरवला जात आहे. तो तपासायला हवा, कारण त्याच्याच आधारे दवाखान्यांची औषधे थांबवली जात आहेत.

‘वारेमाप’चा हिशेब लवकर आटोपतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे सत्तर पैसे द्यावेत, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठरवले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी ते दीर्घकाळ पाळले. अमेरिकेचा वाटा वर्षानुवर्षे पंचवीस पैशांच्या आसपास राहिला, तर ब्रिटनने सत्तर पैशांचे पन्नास केले आणि २०२७ पर्यंत तीसवर येण्याचे जाहीर केले. घरच्यांसाठी नव्व्याण्णव रुपयांहून अधिक मागे ठेवणाऱ्याला उधळ्या म्हणता येत नाही.

पैसा खाल्ला जातो हे मात्र निखालस खोटे नाही, आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, हुकूमशहा मोबुटू यांनी १९६५ ते १९९७ अशी बत्तीस वर्षे देश लुटला. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच तिथल्या मध्यवर्ती बँकेत पाठवलेले जर्मन बँकर एर्विन ब्लुमेंथाल यांनी १९८२ च्या अहवालात, धनकोंना पैसे परत मिळण्याची आशा नाही, असे स्पष्ट बजावले होते. तरीही कर्जे चालू राहिली, कारण शीतयुद्धात मोबुटू पाश्चात्त्य सरकारांना हवे होते. चोर ठाऊक असताना ज्यांनी त्याच्या हाती किल्ली दिली, त्यांनी त्याच चोरीचा दाखला देऊन रोग्याचे औषध बंद करावे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय सगळी मदत रोख रकमेची नसते. १९९६-९७ साली सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची साथ आली. अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार दगावले. लसीचा डोस अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर परवडणार नाही, असे आफ्रिकी देशांनी सांगितले, आणि त्या किमतीत बड्या कंपन्यांना रस नव्हता. अखेर गेट्स फाउंडेशनचा पैसा, अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेचे तंत्र आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उत्पादन एकत्र आले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले आणि पुढच्या मोहिमांना श्रीमंत सरकारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस-संस्थेने पैसा पुरवला. लसीच्या कुपीवर उष्णतेने गडद होत जाणारा एक छोटा चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही, एवढे आरोग्यसेविकेला कळले की पुरते. २०१२ मध्ये तर ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यात चार दिवस बर्फाविना नेण्यास मान्यता मिळाली, त्यामुळे शीतपेटी जिथे पोहोचत नव्हती त्या वस्त्यांपर्यंत ती गेली. ही लस ज्यावर होती, त्या ‘अ’ प्रकारच्या मेनिंजायटिस-जंतूची साथ त्या पट्ट्यातून आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. यातले कोणत्या सत्ताधाऱ्याच्या घशात गेले, ते दावा करणाऱ्यांनी दाखवावे.

राहिले ते ‘आपल्याच कर्माने गरीब’ हे विधान, आणि मला सर्वांत जास्त तेच सलते. कॅरिबियन समुद्रातल्या हैती या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी फ्रान्सविरुद्ध लढून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, फ्रेंच मळेवाल्यांची ‘मालमत्ता’ बुडाली म्हणून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. त्या मालमत्तेत स्वतंत्र झालेली माणसेही धरलेली होती. पहिल्याच हप्त्यासाठी हैतीला फ्रान्सच्याच बँकेकडून कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी कर्ज फेडायला नवे कर्ज, असे चालतच राहिले, आणि शाळा-रस्त्यांवर खर्च व्हायचा कॉफीच्या निर्यातीवरचा महसूल पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला, पुढे न्यूयॉर्कला जात राहिला. शेवटचा हप्ता १९४७ साली फिटला. या व्यवहारात देणेकरी कोण, हे ठरवायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये, त्या मागणीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी या इतिहासाच्या अभ्यासासाठी संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचे वचन त्यात नव्हते.